जुनी क्वात्रोपोर्ते मराठवाड्यात सांभाळायची तर : सर्व्हिस, नेहमीचे बिघाड आणि कोणता गिअरबॉक्स

जालना_सरकी :
राम राम मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचायलो होतो, आज लिहितो. मेव्हण्याच्या ओळखीत दिल्लीला दोन मासेराटी क्वात्रोपोर्ते विकायला आहेत, दोन्ही पाचव्या पिढीतल्या, म्हणजे २००३ ला आलेलं ते मॉडेल. एक २००५ ची ४.२ लिटर इंजिनची, ड्युओसिलेक्ट गिअरबॉक्स. दुसरी २००९ ची ४.७ एस, ऑटोमॅटिक. २००५ वाली जवळपास निम्म्या भावात मिळायली म्हणून जीव तिकडं ओढतोय. घरी क्रेटा अन बोलेरो आहेत त्यामुळं रोजची गाडी म्हणून नाही पाहिजे, पण जिनिंगच्या शेडमधे झाकून पण नाही ठेवायची, समृद्धीवर रविवारी काढली, कधी पुण्याला गेलो असं. कोणती घेऊ, काय काय बिघडतं, अन जालना-संभाजीनगरच्या पट्ट्यात हिचं काम कोण करतं? "कामून घेतो" हे सोडून काहीही सांगा, ते घरात रोज ऐकतो.

बीड_एक्सप्रेस :
फॉर्च्युनर घे. धागा संपला.

लाल_झाकण :
बीडवाले दादा थांबा जरा, २०१० साली याच संभाजीनगरात एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या लोकांनी, देशभर पेपरात आलं होतं, तेव्हा इथल्या माणसाला शौक शिकवू नका.

सरकी भाऊ, माझ्याकडं २००६ ची ड्युओसिलेक्ट आहे, संभाजीनगरला. आधी दोन गाड्यांत फरक काय ते सांगतो कारण वरून दोन्ही सारख्याच दिसतात (पिनिनफरिनाकडचं केन ओकुयामाचं डिझाईन, अजूनही सिग्नलला लोक वळून बघतात). ड्युओसिलेक्ट म्हणजे ऑटोमॅटिक नाही. खरा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, मागच्या एक्सलला लावलेला, अन क्लच तुमच्या पायाच्या ऐवजी हायड्रॉलिक पंप दाबतो. क्लच कोरडी, दोन प्लेटची. वजन मागं गेल्यामुळं गाडी ४७-५३ अशी बॅलन्स झालीय, वळणावर पाच मीटर लांबीची गाडी आहे असं वाटतच नाही. इंजिन ४२४४ सीसी व्ही८, ४०० हॉर्सपॉवर, बनायचं मारानेलोला फेरारीकडं. चेन आहे, फेरारी ३६० सारखा टायमिंग बेल्ट नाही, त्यामुळं ते एक मोठं खर्चिक काम आपोआप वाचतं.

२००७ पासून झेडएफची सहा गिअरची ऑटोमॅटिक आली अन तिच्यासोबत इंजिनचं ऑइलिंग पण बदललं, ड्राय संपच्या (ऑइल वेगळ्या टाकीत) जागी साधा वेट संप (ऑइल इंजिनच्या खालच्या तबकात). ४.२ मधे इंजिनवरच्या झाकणाच्या रंगावरून ओळखतात, लाल म्हणजे ड्राय, निळं म्हणजे वेट. पण ४.७ ला वेट संप असून झाकण परत लालच आहे, म्हणून दलाल रंग दाखवून काही पण सांगत असला तर ऐकू नका.

माझं मत विचाराल तर २००९ वाली घ्या. माझी स्वतःची ड्युओसिलेक्ट मला प्राणापेक्षा प्यारी आहे तरी हेच सांगीन. कारण पुढच्या पोस्टमधे लिहितो, आता दवाखान्यात पेशंट आहेत.

लातूरचा_फिटर :
आम्ही पद्मिनीवर हात बसवलेली माणसं, त्यामुळं इटालियन गाडीला लई नाजूक म्हणतात ते मला पटत नाही. नाजूक नसती, पण तिला दुर्लक्ष सहन होत नाही. माझ्याकडं एक क्वात्रोपोर्ते आली होती, शेतातल्या शेडमधे दोन पावसाळे उभी. बॅटरी मेलेली, उंदरांनी वायरिंग खाल्लेलं, टाकीत पेट्रोलचा वास बदललेला. किलोमीटर बघितले तर काहीच नाही. मालक म्हणायला, "कमी चाललीय म्हणून घेतली." मी म्हणलं साहेब कमी चाललीय हाच तर आजार.

जालना_सरकी :
फिटर मामा, म्हणजे २००५ वाली पण कमी चाललेली आहे म्हणून सांगायलेत. आता भीती वाटायली.

लाल_झाकण :
परत आलो. ड्युओसिलेक्टचं सांगतो.

क्लच किती टिकते हे गाडीवर नाही, चालवणाऱ्यावर अन रस्त्यावर आहे. मोकळ्या रस्त्याला ही गाडी क्लच खातच नाही. पण इंच इंच सरकायचं काम आलं की गिअरबॉक्स स्वतःच क्लच अर्धी धरून ठेवतो. एखाद्या घाटात ट्रकांच्या मागं तासभर अडकलात किंवा थंडीत लातूर-बीडकडं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागं राहिलात तर क्लचचं जे आयुष्य जातं ते समृद्धीवर नागपूरला जाऊन येण्यात जात नाही. सगळ्यात वाईट म्हणजे चढावर रिव्हर्स घेणं. घराला रॅम्प असेल तर उतारानं मागं जा अन समोरून बाहेर निघा, उलटं करू नका. थांबायचं असलं की न्यूट्रल टाका, ब्रेकवर पाय ठेवून गिअरमधे ताटकळत बसू नका.

क्लच किती उरली ते टेस्टर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं मशीन) लावून टक्क्यात दिसतं. पण त्या आकड्यावर पण डोळे झाकून विश्वास नाही, कारण नवीन क्लच टाकल्यावर कॉम्प्युटरमधे रीसेट करावं लागतं, ते नीट झालं नसेल तर आकडा खोटा दाखवतो. क्लच जिथं धरायला सुरुवात करते तो पॉइंट पण टेस्टरनंच सेट करावा लागतो. साधा गल्लीतला ओबीडी स्कॅनर इथं चालत नाही, त्यात इंजिनच दिसतं, गिअरबॉक्सच्या आत जाता येत नाही.

आता पंप. ड्रायव्हरचं दार उघडलं की घुर्रर असा आवाज येऊन पाच-सहा सेकंदात थांबतो, तो गिअरबॉक्सचा पंप प्रेशर भरतोय. हा आवाज कानात बसवून घ्या. चालताना तो सारखा थोड्या थोड्या वेळानं येत असेल तर अक्युम्युलेटर, म्हणजे प्रेशर साठवणारा डबा, गेलाय. आत पडदा असतो, एका बाजूला नायट्रोजन, तो निघून जातो अन मग पंपाला विश्रांतीच मिळत नाही. अन आवाज थांबतच नसेल तर रिले चिकटला, त्याच्या मागं पंप पण जळतो. रिले अगदी स्वस्त वस्तू आहे, पंप नाही. म्हणून रिले बिघडायची वाट बघायची नाही, दोन-तीन वर्षांनी आपला आपण बदलायचा. लोक हेच करत नाहीत, लाखाची गाडी अन शेकड्याचा रिले वाचवतात.

परभणीची_मीच :
नमस्कार. आमच्याकडं २००८ ची ४.२ ऑटोमॅटिक आहे, सासऱ्यांची, पण बघते मी. कारण घरात मॅन्युअल वाचायची सवय फक्त मला आहे 😀

मेकॅनिकल तुम्ही लोक सांगालच, मी आतलं सांगते कारण परभणीच्या उन्हात आतलंच आधी जातं. मे महिन्यात ४४-४५ च्या पुढं पारा जातो, गाडी दोन तास उघड्यावर उभी राहिली की एसीची बटणं, खिडकीची बटणं, मधला कन्सोल सगळं चिकट. मऊ लागावं म्हणून प्लास्टिकवर एक रबरासारखा रंग मारलेला असतो तो उष्णतेनं अन दमटपणानं विरघळतो, त्या काळच्या फेरारीत पण हाच ताप आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल अन मऊ कापडानं तो थर पूर्ण काढून टाकता येतो, खाली साधं काळं प्लास्टिक निघतं, दिसायला छान दिसतं. एकच काळजी घ्या, बटणावरच्या खुणा त्या थरात असतात, रगडलं की पंख्याची खूण पण गायब. आधी फोटो काढून ठेवा. थिनर चुकून पण नको, प्लास्टिकच खातं.

दुसरं छताचं कापड. आतला फोम भुकटी होऊन कापड खाली लोंबतं, मागं बसणाऱ्याच्या डोक्याला टेकतं. हे काम परभणीतच एका सीटकव्हरवाल्यानं फार सुंदर केलं. अट एकच घातली, जुना फोम ब्रशनं पूर्ण खरवडून मगच उन्हाळ्याला टिकणारा गोंद लावायचा. नुसता वरून स्प्रे मारला तर पुढच्या एप्रिलमधे परत तेच.

बीड_एक्सप्रेस :
ताई मानलं. पण डॅशबोर्डवर दिवाळी झाल्यासारखे दिवे लागतात म्हणतात ते खरं का?

परभणीची_मीच :
खरं आहे अन दहातल्या बऱ्याच वेळा कारण बॅटरी असते. व्होल्टेज पडलं की सस्पेन्शन, एबीएस, गिअरबॉक्स सगळे एकदम ओरडायला लागतात अन लोक थेट सेन्सर बदलायला काढतात. बॅटरी डिकीत आहे. आम्ही शेडमधे ट्रिकल चार्जर कायम लावून ठेवतो, फक्त लोडशेडिंग नंतर तो परत चालू झाला का एवढं बघायचं, काही चार्जर आपोआप चालू होत नाहीत. कोणताही कोड वाचायच्या आधी बॅटरी टेस्ट. हा नियम पाळला तर निम्मे खर्च होतच नाहीत.

वाळूज_सीएनसी :
आता माझ्या कामाचं आलं. ४.७ घेतली काय अन ४.२ घेतली काय, पुढच्या लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा दांडा) रबरी बुश हमखास जातात. स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना पुढून कट कट आवाज, ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थोडं भटकतं. आपल्याकडं गावागावात जे रंग नसलेले, मोजमाप नसलेले गतिरोधक आहेत त्यावर तर लवकरच. कंपनीकडून बुश सुटा मिळत नाही, अख्खा अल्युमिनियमचा आर्म घ्या म्हणतात. पण आर्मला काही झालेलं नसतं, रबर फाटलेलं असतं.

वाळूजला रबर टू मेटलची कामं करणारे पायलीला पन्नास आहेत, मोठ्या कंपन्यांना माल देतात. जुना बुश दाबून काढा, बाहेरचा-आतला व्यास मोजा, रबराची हार्डनेस शोअर ए मधे (कडकपणाचं माप) मोजा, अन ती जुन्या फाटलेल्या जागेवर नाही तर आतल्या शाबूत भागात. त्याच्याबरोबर करून घ्या. पॉलियुरेथेनचा मोह होतो, टिकतो पण जास्त, पण रस्त्याचा सगळा गोंगाट केबिनमधे येतो अन मग ही गाडी घेण्यात अर्थ काय राहिला.

अन हे लिहून ठेवा, बुशमधे जी पोकळी असते तिची दिशा जुन्या सारखीच ठेवायची, काढायच्या आधी आर्मवर मार्करनं रेघ मारा. अन आर्मचा बोल्ट शेवटचा कसायचा तो गाडी चाकांवर खाली उभी असताना. जॅकवर चाकं लटकत असताना कसला तर गाडी खाली आली की रबराला कायम पीळ बसतो अन सहा महिन्यात परत फाटतो. मग माणूस म्हणतो लोकल बुश खराब. बुश चांगला होता, कसणाऱ्यानं मारला. शेवटी अलाइनमेंट.

लातूरचा_फिटर :
वाळूजवाल्या सरांनी शंभर टक्के बरोबर सांगितलं. जॅकवर बुश कसणारे इथं लई आहेत.

मी दोन गोष्टी जोडतो. शॉकअप बघा. बहुतेक गाड्यांत स्कायहूक म्हणून इलेक्ट्रॉनिक शॉकअप आहेत, ते गळायला लागले की खर्च डोळे पांढरे करतो. स्पोर्ट जीटी एस मधे साधे आहेत, ते सोपे. घेताना चारही चाकात टॉर्च मारून शॉकअपच्या दांड्यावर तेल दिसतं का बघायचं, नुसती धूळ चिकटलेली असली तर ठीक, ओलं असलं तर भाव कमी करा.

दुसरं कूलंट. बोरचं पाणी हिच्यात एक तांब्या पण घालायचं नाही. आपल्याकडच्या बोरला क्षार इतका की बादलीला पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळीत बसतो. वॉटर पंप पाझरणं हा हिचा जुना रोग आहे, मग ड्रायव्हर रोज थोडं थोडं नळाचं घालत राहतो अन सांगत नाही. ड्रायव्हरला डिस्टिल्ड वॉटर अन तयार कूलंटचा कॅन डिकीतच देऊन ठेवा.

जालना_सरकी :
बापरे लई माहिती मिळाली. एक विचारतो, आमच्या जिनिंगमधे कापसाचा फुंदा सगळीकडं उडतो, क्रेटाचा एसी दर सीझनला कमी होतो. हिला पण होईल का?

लातूरचा_फिटर :
होणारच. एसीच्या जाळीत अन तिच्या मागं रेडिएटरमधे फुंदा बसतो, हवा जात नाही, उन्हाळ्यात टेंपरेचर चढतं. पुढून प्रेशर वॉशर मारला तर फुंदा अजून आत ठासतो अन जाळीची पाती वाकतात. आतल्या बाजूनं बाहेर, साध्या पाइपच्या पाण्यानं. अन गाडी जिनिंगच्या शेडमधे नका ठेवू, घरी ठेवा.

लाल_झाकण :
सर्व्हिसचं थोडं. ऑइल वर्षातून एकदा, गाडी चालली असो वा नसो. आठ-नऊ लिटरच्या आसपास लागतं, ग्रेड मॅन्युअलमधली. ड्राय संप अन वेट संपची ऑइल तपासायची पद्धत वेगळी आहे, पंपावरच्या पोरानं डिपस्टिक काढून "कमी आहे साहेब" म्हटलं म्हणून ओतू नका, जास्त झालेलं ऑइल पण तितकंच वाईट.

सुरुवातीच्या ड्राय संपवाल्या इंजिनात व्हेरिएटर म्हणजे कॅम पुढं-मागं करणारा भाग वाजतो. थंड इंजिन चालू केलं की काही सेकंद डिझेलसारखा खडखडाट. गरम झाल्यावर ऐकू येत नाही, म्हणूनच विकणारा आधीच गाडी गरम करून ठेवतो. सरकी भाऊ, २००५ वाली बघायला जाल तेव्हा बॉनेटला हात लावा, गरम असली तर म्हणा चहा घेऊन येतो, दुपारी परत येतो.

पेट्रोल. आता साध्या पेट्रोलमधेच २० टक्के इथेनॉल आहे. आपल्याच उसाचं आहे हे खरं, कारखाना जगतो ते पण चांगलं, पण २००५-०९ च्या गाडीचे रबरी पाइप, सील हे त्या हिशोबानं बनलेले नाहीत. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. म्हणून ९० लिटरची टाकी भरून महिनोन् महिने उभी ठेवायची नाही. भरा, चालवा, संपवा, परत भरा. फ्युएल पाइप दरवर्षी हातानं दाबून बघा, तडे किंवा ओलावा दिसला तर लगेच बदला, व्ही८ च्या डोक्यावर पेट्रोल गळणं ही थट्टा नाही.

वाळूज_सीएनसी :
ऑटोमॅटिकच्या गिअर ऑइलचं पण सांगा डॉक्टर.

लाल_झाकण :
हो तेच तर २००९ घ्या म्हणायचं मोठं कारण. झेडएफ ६एचपी२६ हा गिअरबॉक्स बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमधे आहे, जॅग्वारमधे आहे, त्यामुळं फिल्टर, सील, ऑइल मिळतं अन काम माहीत असलेली माणसं पुण्यात सहज सापडतात. लाइफटाइम ऑइल आहे असं सांगतात ते विसरा, ८०-९० हजाराच्या आत बदलून टाका. गिअर बदलताना झटका, किंवा गिअरबॉक्सच्या कनेक्टरपाशी तेल ओलं दिसलं तर मेकॅट्रॉनिकची (गिअरबॉक्सच्या आतलं कंट्रोल युनिट) स्लीव्ह गेलेली असते, छोटा भाग आहे. ऑइल भरायचं ते ठराविक तापमानाला, इंजिन चालू ठेवून, लेव्हलवर. जेवढं निघालं तेवढं ओतलं असं चालत नाही.

ड्युओसिलेक्टचं काम निघालं की मात्र मला गाडी फ्लॅटबेडवर टाकून मुंबईलाच पाठवावी लागते. बाकी सगळं, बुश, ब्रेक, कूलिंग, ऑइल, एसी, इथंच होतं.

बीड_एक्सप्रेस :
मग चिडवायला नाही, खरंच विचारतो डॉक्टर, तुम्ही ती का ठेवली?

लाल_झाकण :
समृद्धीवर पहाटे, गाड्या नसताना, १२० ची मर्यादा पाळून पण एकदा खालच्या गिअरला टाकून तो आवाज ऐका अन मग विचारा.

जालना_सरकी :
ठरलं, २००९. पासिंगचं काय? दिल्लीची गाडी आहे.

परभणीची_मीच :
आधी आरसीवर तारीख बघा. दिल्लीत १५ वर्षं झालेल्या पेट्रोल गाडीवर बंदीची टांगती तलवार म्हणूनच त्या स्वस्त निघतात. २००९ ची १५ वर्षं झालेली आहेत, म्हणजे एनओसी, इथला रोड टॅक्स (इंपोर्टेडला दर जास्त), मग फिटनेस, आरसीचं नूतनीकरण, पर्यावरण कर. नूतनीकरणाची फी इंपोर्टेड कारला २०२२ पासून ४०,००० आहे. २० वर्षांच्या पुढं गेलेल्या गाडीला २०२५ च्या नियमानं ८०,०००, म्हणजे ती २००५ वाली निम्म्या भावात पण स्वस्त नव्हती बघा. हे सगळे आकडे धरूनच सौदा करा, अन एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, मेव्हण्याची ओळख असली तरी. एमएच २१ चा नंबर लागेपर्यंत धीर धरा.

वाळूज_सीएनसी :
एक फायदा पण आहे. युरोपात रस्त्यावर मीठ टाकतात त्यानं या गाड्यांच्या पुढच्या सबफ्रेमला गंज लागतो. दिल्लीची किंवा आपल्याकडची कोरडी गाडी खालून स्वच्छ निघते. मुंबईत समुद्राकाठी राहिलेली असेल तर मात्र लिफ्टवर घेऊन बघा.

जालना_सरकी :
शेवटचं विचारतो, दिल्लीहून चालवत आणू का? पोरं लई मागं लागलीत रोड ट्रिप करू म्हणून.

लातूरचा_फिटर :
नाही. फ्लॅटबेड. टायरची तारीख बघितल्याशिवाय तर मुळीच नाही, उभ्या गाडीचे टायर नक्षी भरपूर दिसली तरी आतून वाळलेले असतात, सिमेंटच्या रस्त्यावर उन्हात फुटतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. सहा वर्षांच्या वरचे असले तर बदलायचेच.

लाल_झाकण :
अन पुढचे-मागचे साइज वेगळे आहेत, १९ इंची रिमला पुढं २४५/४०, मागं २८५/३५. जालन्यात ऐनवेळी मिळणार नाहीत, आधीच मागवून ठेवा. गाडी उतरली की थेट वाळूजला आणा, लोअर आर्म त्याच दिवशी काढून बघू.

वाळूज_सीएनसी :
शुक्रवारी आणू नका, आमच्याकडं शुक्रवारी लाइट नसते.